कोणीतरी ऑक्सिजन लावा

३ मार्च
उद्यापासून हॉस्पिटलात सिम्युलेशन ट्रेनिंग. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांनी मिळून एका प्लास्टिकच्या पुतळ्याला वाचवायचं. त्यावरून इमर्जन्सी टीमचा प्रमुख ठरणार. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण? नेतृत्व माझ्या रक्तात आहे. संकल्प : बाकीच्यांना कमी लेखायचं नाही. बिचारे आपापल्या परीनं करतात.

४ मार्च
पुतळा गेला.
चूक माझी नाही. मी खणखणीत आवाजात सांगितलं होतं की कोणीतरी ऑक्सिजन लावा. कोणीच लावला नाही. मग ओरडलो की कोणीतरी इंजेक्शन द्या, तर नर्सनंही दिलं आणि फार्मासिस्टनंही. ट्रेनिंगवाल्या बाईंनी आम्हाला व्हिडिओ दाखवला. त्यांचं म्हणणं, हवेत हुकूम सोडू नका. ज्याला सांगायचं त्याचं नाव घ्या, आणि त्यानं ते परत बोलून दाखवायचं. पुतळ्याचा दर्जा हलका आहे, असं मत मी नोंदवलं.

४ मार्च, जेवणानंतर
बायकोला सगळं सांगितलं. ती खूप हसली. म्हणाली की मी घरीसुद्धा कोणीतरी चहा टाका म्हणतो, आणि घरात आम्ही दोघंच. चहा मीच टाकला. खरा नेता वेळप्रसंगी पडेल ते काम करतो. साखर विसरलो.

६ मार्च
नावं घ्यायची, त्यात काय अवघड! पण ऐन वेळी लक्षात आलं की मला नावंच माहीत नाहीत. सिस्टर म्हणालो, तर आमच्या नर्सबरोबर बाहेरच्या वॉर्डातल्या दोघीही धावल्या. फार्मासिस्टला अहो म्हणालो, तर फिजिओथेरपिस्टनं ओ दिली. पुतळा पुन्हा गेला. सगळ्यांच्या छातीवर बिल्ले असतात, पण अक्षर इतकं बारीक की वाचायला वाकावं लागतं. मी वाकत नाही. पाठ दुखते.
संकल्प : सगळ्यांची नावं पाठ करणार. उद्यापासून.

७ मार्च
ओपीडीला तोबा गर्दी. नावं उद्या.

८ मार्च
डोकं लढवलं. नावं हवीत कशाला? बोट दाखवायचं. इतकी साधी गोष्ट बाईंना सुचू नये, याचं नवल वाटतं.

९ मार्च
बोट दाखवलं. बोटाच्या रेषेत नर्स आणि फिजिओथेरपिस्ट दोघंही आले. तुम्हाला म्हणतायत, तुम्हाला म्हणतायत, असं एकमेकांना सांगत बसले. तेवढ्यात पुतळा गेला. फार्मासिस्ट पुटपुटले की नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं आहे. त्या खोलीत उजेड चुकीच्या बाजूनं येतो.

११ मार्च, सकाळी
आज शेवटची फेरी, निवडीची. आणि पुतळ्याची छाती मोडली! त्याच्या जागी पेशंट म्हणून मी झोपावं, अशी सगळ्यांची इच्छा पडली. एकमतानं. टीमवर्क म्हणतात ते हेच. छाती दाबायची नाही, एवढं कबूल करून घेतलं. बरंच झालं. मी नसलो की यांची कशी दाणादाण उडते, ते बाईंना दिसेल.

११ मार्च, संध्याकाळी
दाणादाण उडाली नाही.
नर्स फार्मासिस्टना नावानं हाक मारत होत्या, फार्मासिस्ट फिजिओथेरपिस्टना. सांगितलेलं प्रत्येकजण परत बोलून दाखवत होता. ऑक्सिजन लागला. इंजेक्शनही एकदाच मिळालं, म्हणजे दिल्यासारखं केलं. मला पडल्या पडल्या खरंच बरं वाटायला लागलं. आठवड्यात पहिल्यांदाच पेशंट वाचला. टीमच्या प्रमुखपदी नर्सची निवड झाली. टाळ्या मीही वाजवल्या, आडवाच.
मग बाई म्हणाल्या की एकच राहिलं, पेशंटला नावानं धीर द्यायचा. नर्सनी फार्मासिस्टकडे पाहिलं. फार्मासिस्टनी फिजिओथेरपिस्टकडे. फिजिओथेरपिस्टनं छताकडे. शेवटी नर्स हळूच म्हणाल्या की आम्ही सगळे सरच म्हणतो.
इतकी वर्षं एकाच मजल्यावर काढली आम्ही. वाईट वाटलं. फार वाटलं. उठून बसलो आणि बिल्ला पुढे केला.
वाचायला तिघांनाही वाकावं लागलं.