चारशे वीसवर स्थिर

४ मे २००८, रविवार

कौस्तुभ आणि किमया पहाटे एअरपोर्टला गेले. कंपनीचं काम, कॅलिफोर्निया, दिवाळीला परत. तोवर हॉलमधला समुद्र माझ्या ताब्यात. समुद्र म्हणजे चार फूट लांब काचेची टाकी, खारं पाणी, वर निळा दिवा, दोन नारिंगी मासे आणि जिवंत कोरल. सूनबाईंचं म्हणणं, हे सगळं कौस्तुभच्या मित्राला देऊन टाकू, आईंना उगाच त्रास. आईंना! मी सेक्रेटरी म्हणून एकोणतीस वर्षं एका मॅनेजिंग डायरेक्टरला सांभाळलं. तोही खारटच होता, वर बोलायचा.

कौस्तुभ म्हणाला, आई, एकच बघ, पाण्यातलं कॅल्शियम चारशे वीसच्या आसपास ठेव. कोरल ते खातात आणि त्याचीच हाडं करतात. त्यातलं जांभळं, फांद्यांचं, त्याने नखाएवढं आणून तळहाताएवढं केलंय. जाताना आधी काचेवर हात ठेवला, मग माझ्या पाया पडला.

ह्यांना, म्हणजे शरदचंद्रांना, म्हटलं, ज्याला परत यायचं नसतं तो असली गोष्ट मागे ठेवत नाही. ते पेपर वाचत होते. अजून वाचताहेत.

११ मे

पहिली टेस्ट. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, ते गुलाबी करायचं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकत बसायचं निळं होईपर्यंत. थेंबांवरून आकडा. ४१०. इतकं सोपं! कौस्तुभ उगाच सुट्टीच्या दिवशी अर्धी सकाळ टाकीत डोकं घालून बसायचा.

१२ मे

डोसच्या दोन बाटल्या आहेत. एक सकाळी घालायची, दुसरी संध्याकाळी. हे काय, अँटिबायोटिक आहे? दोन्ही एका जगमध्ये ओतून एकदाच घालायचं ठरवलं. शिस्त म्हणजे वेळेची बचत, असं सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हाला शाळेत छडी हातात धरून सांगायच्या.

नंतर. जगमध्ये दूध झालं. टाकीत ओतल्यावर टाकीतही. मासे दिसेनात. शरदचंद्र चष्मा पुसत विचारतात, नलू, ताक केलंस का? बाटलीवर लाल अक्षरांत छापलं होतं की एकत्र करू नये. मान्य. पण इंग्रजी इतकं भिकार की मी दुसऱ्या ओळीनंतर तत्त्व म्हणून वाचलं नाही.

२२ मे, गुरुवार

आमच्या भुकूम गावाचा लोडशेडिंगचा वार. इन्व्हर्टरही बसला. पंप बंद. पाणी हललं नाही तर टाकीतल्या सगळ्यांचा जीव गुदमरतो, असं कौस्तुभने लिहून ठेवलंय. मी रवी घेतली आणि घुसळायला बसले. हात भरून आल्यावर सारजाबाईला बसवलं. ती आमच्याकडे भांडी-पोळ्या करते, गावातली आहे, तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. म्हणाली, बाई, ह्यात लोणी निगंल का? मग म्हणाली, ह्ये जांभळं झाड हाय का जनावर? जनावर, म्हटलं. मग तोंड कुटं हाय त्येचं? म्हटलं, घुसळ.

लाइट आले तेव्हा दोघींचे पदर मिठाने कडक झाले होते. कौस्तुभला मेल: ऑल अंडर कंट्रोल.

६ जुलै

कॅल्शियम ३७०. खातात मेले! बाटल्या संपत आल्या. नव्या आणायला कोथरूडला जायचं, तिथल्या दुकानातल्या पोऱ्याने मला "आंटी" म्हणायचं, हे होणे नाही.

आज गीझरवाला येऊन गेला. कॉइल काढून दाखवली. तिच्यावर बोटभर पांढरा थर. म्हणाला, मॅडम, बोरच्या पाण्यात कॅल्शियमच कॅल्शियम. मी उभी राहिले ती उभीच. इतके दिवस आम्ही टाकीत फिल्टरचं पाणी घालतोय, आणि इथे नळाला फुकट कॅल्शियम! बोअर हैबतरावांची. आमची रो-हाउसेस उभी आहेत ती जमीन त्यांचीच होती. त्यांना फाटकाशी गाठून विचारलं. छाती फुगवून म्हणाले, आमच्या बोरचं पानी लई जड! डाळ शिजायची न्हाई त्यात.

उद्यापासून तेच. कौस्तुभला सांगितलं नाही. सरप्राइज.

१७ ऑगस्ट

टाकी हिरवी. काचेवर, दगडांवर, सगळीकडे शेवाळ. हैबतरावांच्या बोअरमध्ये शेतातली सगळी खतं उतरतात, हे त्यांनी आज सांगितलं. जुलैमध्ये सांगायला यांची जीभ झिजली असती? कॅल्शियम ३४०.

डॉक्टरांनी मला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, माझंही कमी आहे म्हणे. त्या खलबत्त्यात कुटून टाकीत घातल्या. शरदचंद्र म्हणाले, अगं, त्या तुझ्या गुडघ्यांसाठी आहेत. माझे गुडघे बघायला कोण दिवाळीला येणार आहे?

३१ ऑगस्ट

शेवटी कोथरूड. "आंटी" ऐकून घेतलं. नव्या बाटल्या आणल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. शेवाळ टूथब्रशने घासलं. जांभळ्याचं टोक जरा फिकं वाटतंय. ऊन नसेल.

१४ सप्टेंबर

फिकं नाही, पांढरं! फांद्यांची टोकं पांढरीशुभ्र. कॅल्शियम लागू पडलं. कॅल्शियम पांढरंच असतं, आमच्या केमिस्ट्रीच्या मिसनी खडू हातात धरून दाखवलं होतं. शरदचंद्र म्हणतात, नलू, मला हे काही ठीक दिसत नाही. त्यांना मोतीबिंदू आहे.

कौस्तुभला मेल: तुझी कोरल्स चांगली पांढरी झाली आहेत. उत्तर एका ओळीचं: ग्रेट आई, टेक केअर. बघा.

५ ऑक्टोबर

जांभळं आता संपूर्ण पांढरं. बाकीचेही त्याच मार्गाला. सारजाबाई म्हणाली, दिवाळीला चुना लावल्यागत दिसतंय, देवळावानी, ब्येस!

आणि आकडा ४२०. गेल्या रविवारी ४२०. त्याआधीही ४२०. चार दिवस बाटली घातली नाही तरी ४२०. एका थेंबाचा फरक नाही! कौस्तुभला हे कधी जमलं नव्हतं, त्याचा आकडा सदान्‌कदा वरखाली. शेवटी हाताला वळण लागतं. शरदचंद्रांनी या आकड्यावर एक फालतू विनोद केला. मी हसले नाही.

२१ ऑक्टोबर

बेसनाचे लाडू केले. मोठा डबा भरून. शरदचंद्रांना शुगर, मला तूप चालत नाही, पण आल्या आल्या कौस्तुभ डबाच उघडतो.

२४ ऑक्टोबर

कौस्तुभचा मेल. मार्केट वाईट आहे, लोकांच्या नोकऱ्या जाताहेत, आत्ता सुट्टी मागणं बरं नाही. ख्रिसमसला बघू. "बघू" हा शब्द मी माझ्या साहेबांसाठी एकोणतीस वर्षं टाइप केला आहे. त्याचा अर्थ मला शिकवू नये.

पण कौस्तुभचं वेगळं. टाकी आहे ना इथे.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या सायलीने कॉम्प्युटरला कॅमेरा लावून दिला. पहिल्यांदाच समोरासमोर बोललो. मी मुद्दाम टाकीसमोर बसले, मागे सगळं दिसावं म्हणून. कौस्तुभ वाळलाय. मी लगेच सांगितलं, चारशे वीस, आठ आठवडे स्थिर, बाटलीसुद्धा न घालता.

तो स्क्रीनला नाक लावून माझ्या मागे बघायला लागला. मग म्हणाला, आई, ते पांढरं कधीपासून आहे? म्हटलं, मी लिहिलं होतं की. म्हणाला, हो, ऑफिसात गडबड होती, मी नीट वाचलं नाही गं. मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं: आई, ती गेली आहेत. पांढरी उरलीत ती नुसती हाडं. कॅल्शियम कमी होत नाही, कारण खाणारं कोणी उरलं नाही.

मी म्हटलं, मासे आहेत. म्हणाला, हो, मासे छान दिसताहेत. रागावला नाही. एकदा रागावला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मागून किमया त्याला विचारत गेली, नव्या टाकीत मीठ किती टाकू? तो बाजूला वळला तेव्हा त्याच्या पाठीमागे निळा उजेड दिसला. निळा उजेड मी ओळखते. सहा महिने त्याच्यासमोर बसले आहे. त्याने बघितलं की मी बघितलं. म्हणाला, लहानशीच घेतलीय गं, इथे दोन वर्षं तरी आहोत. तिकडची तू आता देऊन टाक कुणाला तरी. तुला उगाच त्रास.

बरं, म्हटलं.

शरदचंद्रांना सप्टेंबरपासून दोन्ही माहीत होतं. कोरलचं डोळ्यांनी, दोन वर्षांचं कौस्तुभच्या फोनवरून. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू दर रविवारी आकडा इतक्या आनंदाने सांगायचीस, नलू.

१७ नोव्हेंबर

सवयीने टेस्ट केली. ४२०.

सारजाबाईने फळीवरचा डबा उतरवला. झाकण उघडून म्हणाली, बाई, लाडू हायेत तसंच हायेत की वो, एकबी कमी न्हाई.

म्हटलं, ठाऊक आहे. ठेव वर.