उत्तर नंबर चार

मंगळवार, ४ मार्च

आज चार नंबर इतक्यांदा दाबला की बोट दुखतंय!

आमच्याकडे उत्तरं तयार असतात. एक — नमस्कार. दोन — पासवर्ड विसरलात का. तीन — कृपया थोडं थांबा. चार — 'आपली रक्कम पूर्णपणे सुरक्षित आहे. घाईने काढून घेण्याची गरज नाही.' कुणीतरी उठवून दिलंय की आमचं क्रिप्टो एक्सचेंज बुडणार. झालं! सकाळपासून जो तो एकच विचारतो — पैसे काढून घेऊ का? दाब चार.

एका वेळी सहा जणांशी बोलते मी. समोरच्याचं नाव दिसत नाही, नुसता खात्याचा आकडा. त्यांनाही आमची खरी नावं दिसत नाहीत. कंपनीने सगळ्यांना फुलांची नावं वाटली आहेत. मी जुई. शेजारचा सहा फुटी दाढीवाला — शेवंती! घरी सांगितलं नाही कधी. सासूबाईंनी जन्मभर चिडवलं असतं.

शिव्यांनीच पोट भरलं. एकाने मात्र चार नंबरनंतर लिहिलं — 'आभारी आहे. मग नाही काढत. बाळ, दिवसभर बसून काम असेल तुझं, पाणी पीत जा.' शेवंतीला दाखवलं. म्हणाला, 'या माणसाला हार घाला कुणीतरी.' मी खरंच उठले आणि पेलाभर पाणी प्यायले.

बुधवार, ५ मार्च

तळमजल्याचे दंतवैद्य, ज्यांचं घर आम्ही घेतोय, वर येऊन गेले. सतरा तारखेला पैसे द्या, किल्ली घ्या. सासूबाईंनी त्यांना दोनदा चहा पाजला, आपले दात तपासायला लावले, आणि जाताना म्हणाल्या, 'खिडकीची जाळी काढून नेऊ नका हं!'

गेल्या उन्हाळ्यात खुबा मोडला तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. तिसरा मजला, चिंचोळा जिना. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो आणि आई जिन्यामुळे अडकलीय — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दिवसभर खिडकीशी बसतात. रस्त्यावरची माणसं त्यांना टाळूवरून ओळखू येतात. 'तो बघ, टक्कल वाढलं त्याचं.'

शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान सासऱ्यांनी या खालच्या घरासाठी विकलं. पैसे आमच्या एक्सचेंजवर, किंमत न हलणाऱ्या नाण्यांत. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना व्याज जास्त. तीनच महिन्यांचा तर प्रश्न होता. फॉर्म मीच भरून दिला. सासरे म्हणाले होते, 'सून आत आहे म्हणजे दार आपलंच.'

चार नंबर खरा आहे ना? टायवाल्याला विचारलं. आमचा साहेब, उकाड्यातही टाय सोडत नाही. हसला नुसता.

गुरुवार, ६ मार्च

बंद!!

सकाळी पैसे काढायचं बटण राखाडी झालं. खाली बारीक अक्षरांत — 'देखभालीचं काम सुरू आहे.' टायवाला दारातून म्हणाला, 'चार चालू ठेवा.' चालू ठेवला. लाज वाटली, पण बोट चाललं.

जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन सासऱ्यांचं खातं उघडलं. रक्कम दिसते. शेवटच्या पैशापर्यंत दिसते! नुसती हलत नाही.

घरी आले तर सासरे मोजपट्टी घेऊन खालच्या घराच्या दारांची मापं कागदावर काढत बसलेले. मी जेवले आणि झोपायला गेले.

शनिवार, ८ मार्च

आज लिफ्टवाल्याला सांगितलं. नवऱ्याला. भांडी घासत होता. नळ बंद केला.

'किती?'

'सगळे.'

ओरडला असता तर बरं झालं असतं. पुन्हा नळ सोडला आणि घासलेलं पातेलंच परत घासायला लागला. मग म्हणाला, 'सतरापर्यंत सुटतील. आत्ता बोलू नकोस. आईच्या तोंडावरचा आनंद बघितलास ना?' बघितला. म्हणूनच तर जीव जातोय.

रविवार, ९ मार्च

नको होतं आज व्हायला. सासूबाईंनी हट्टच धरला — 'घर विकत घ्यायचं आणि बघायचं नाही? मी काय तळघरातला माल आहे?' लिफ्टवाल्याने कामावरचे दोघे बोलावले. तिघांनी खुर्चीसकट उतरवल्या. दर वळणावर त्या सूचना देत होत्या. 'माझा पाय आहे तो, केबल नाही!'

खाली दंतवैद्यांनी दार उघडून ठेवलं होतं. आधी काठी टेकून उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मग रस्त्यावर दोन पावलं. फरशीला चप्पल घासून बघितली. कोपऱ्यावरचा चांभार उठून आला, तर त्याच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, 'अरे, तुला मिशा आहेत होय!' आम्ही सगळे हसलो. मीही हसले. मग स्वयंपाकघरात फळी कुठे ठोकायची ते वितीने मोजून दाखवलं. सासरे मागे उभे राहून नुसती मान डोलवत होते.

वर नेताना तिघे दर वळणावर टेकले. खुर्ची चढताना जड होते म्हणे.

मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

सोमवार, १० मार्च

टायवाल्याने एकेकाला आत बोलावलं. 'घरच्यांचे पैसे अडकले असतील तर खात्याचा आकडा द्या. मागच्या दाराने काढू. पण खुर्ची सोडायची नाही, आणि चार थांबवायचा नाही.'

आकडा दिला. गुरुवारपासून बघून बघून तोंडपाठ झाला होता.

मग जागेवर आले तर एक बाई लिहीत होती, शाळेची बस चालवते. 'पोरीच्या ऑपरेशनची तारीख आहे, खरं काय ते सांगा हो.' मी चार दाबला. तिच्या पुढे जाऊन मी रांग मोडली होती आणि तिला थांब म्हणत होते. मोडली! सासूबाईंना जमिनीवर आणायचंय मला. पुन्हा मोडेन. असं लिहिलं तरी रात्रीची भाजी ताटातच राहिली.

शेवंतीने आकडा दिला नाही. त्याचं कुणीच नाही म्हणाला.

गुरुवार, १३ मार्च

मागच्या दाराचं काही नाही. टायवाला फोन उचलत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

टायवाला पळाला. मालक तर म्हणे आठवडाभर आधीच पळालेत. टीव्हीवर आमच्या इमारतीचा फोटो. मागचं दार नव्हतंच. आमची तोंडं बंद ठेवायला भिंतीवर काढलेलं दार होतं ते — आणि मी त्यासाठी त्या बसवाल्या बाईला चार दाबला!

दुपारी खाली माणसं जमली. आत घुसली. ओरडाओरडा, रडारड. एक माणूस मोबाइल उंच धरून विचारत होता, 'ही जुई कोण? मला सुरक्षित म्हणणारी जुई कोण इथे?' शेवंती उठून म्हणाला, 'जुई आज आलीच नाही.' आणि मला डोळ्यांनी दार दाखवलं. डबा तसाच टेबलावर राहिला.

अख्खा रस्ता वाटत होतं, कुणीतरी मागून हाक मारेल. माझ्या नावाने नाही. तिच्या.

शनिवार, १५ मार्च

सांगितलं. दोघांसमोर बसून, एका दमात.

सासऱ्यांनी बातम्या बघितल्या होत्या. कालपासून माझीच वाट बघत होते, मी कधी बोलते याची. मापांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, 'बरं झालं. वरून टाळू दिसतात तेच बरं. खाली गेले असते तर रोज तोंडं बघावी लागली असती लोकांची.' कुणी हसलं नाही. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चहा गार झाला, त्यांनी घेतला नाही. जेवायलाही वळल्या नाहीत. शिव्या द्या मला, आई. खरंच द्या!

सोमवार, १७ मार्च

आज सतरा. दंतवैद्य वर आले नाहीत, जिन्यातच लिफ्टवाल्याला गाठलं. घर एका चष्मेवाल्याला दिलं. वाईट वाटतं म्हणाले. वाटलंही असेल.

सासूबाईंची खुर्ची खिडकीपासून लांब सरकवलेली. त्यांनीच सरकवायला लावली.

दिवसभर मनात नको नको ते येतं. गच्चीचं दार, जिन्याचा कठडा. लिहून ठेवलं म्हणजे जाईल म्हणून लिहितेय. लिफ्टवाल्यालाही सांगितलं. त्याने गच्चीचं कुलूप बदललं आणि आज कामावर गेला नाही.

बुधवार, १९ मार्च

सासरे सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चष्मा पुसत.

'बंद व्हायच्या दोन दिवस आधीच काढणार होतो मी पैसे. बटणावर बोट होतं. तुलाच विचारणार होतो. पण म्हटलं, सुनेला असलं विचारू नये. खरं सांगितलं तर नोकरी जाईल तिची, खोटं सांगितलं तर जन्मभर मनाला खाईल तिच्या. म्हणून कंपनीलाच विचारलं. एक मुलगी होती. जुई. ती म्हणाली, नका काढू.'

मी गॅस बंद केला.

'लोक शोधतायत म्हणे तिला. तुझ्या ओळखीची असली तर सांग, आमचा राग नाही. तिला तरी काय माहीत, बिचारीला. पाणी पीत जा म्हटलं होतं मी तिला. प्यायली असेल का गं?'

'प्यायली, बाबा.'