वर धरलेले हात

मॅडम, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि मला तुमचा राग यायला मुहूर्त सापडला तो हा. कपाळावर टाके आहेत, डावा हात गळ्यात बांधलाय, नवीन पनवेलच्या घरात बसून लिहितेय. तुमच्याशी इतकं सरळ कधी बोलले नाही. हिंमतच नव्हती.

तुमच्या नर्सिंगच्या वर्गात आम्ही निर्जंतुक ग्लोव्हज चढवून, हात छातीसमोर धरून उभ्या. कंबरेखाली गेला की तो हात घाण झाला, हा आपल्या कामाचा नियम. पण तो शिकवायची तुमची तऱ्हा म्हणजे लांब स्टीलचा चिमटा, आपला फोर्सेप, थेट बोटांच्या पेरांवर. हाडाचा आवाज यायचा. रक्त आलं की म्हणायचात, आता याचंच ड्रेसिंग करून दाखव. एकदा मी रडले, तर म्हणालात, "वॉर्डात लोक याहून जास्त मारतील. सवय कर." आणि निवृत्त होताना तोच फोर्सेप कापसात गुंडाळून मला दिलात. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता, काय सांगू.

आता मी शिकवते ती मोठ्या बायकांना. कुणी शेतमजुरी सोडून येते, कुणी वीटभट्टी. पहिल्या दिवशी मी तुमचा फोर्सेप टेबलावर ठेवला, नुसता ठेवला हो, तर चिरनेरकडची एक बाई उठून उभी राहिली. चाळिशीची, कानामागे जुना व्रण. म्हणाली, "बाई, मार घरी खाल्लाय आमी. इथं शिकाला आलो." मी फोर्सेप खणात टाकला, आणि तेव्हापासून माझं शिकवणंच बदललं. आधी विचारते, तुम्हाला काय येतं? त्यांनी बाळंतपणं काढलेली असतात, मयतांना आंघोळ घातलेली असते, त्यांना मी कोरी पाटी कशी समजू? दुसरं, चूक झाली की मोठ्याने सांगायची, सांगणारीला शिक्षा नाही. तुमच्या हाताखाली आम्ही काय शिकलो, तर चुका लपवायला. लपवलेल्या चुकीने पेशंट मरतो, मॅडम.

गेल्या आठवड्यात त्याच बाईला घेऊन मी कॅज्युअल्टीत ड्रेसिंग दाखवत होते. शेजारच्या खाटेवर हायवेवरच्या अपघातातला एक तरुण पोरगा गेला. डॉक्टरांनी सांगितलं मात्र, नातेवाईक आत घुसले. काचा फुटल्या, डॉक्टर खोलीत कडी लावून बसले. त्या पोराच्या भावाने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. तो माझ्या डोक्यावर येताना मला स्वच्छ दिसत होता, आणि माझे ग्लोव्हज घातलेले हात छातीसमोर तसेच. पहिला घाव कपाळावर, दुसरा खांद्यावर. कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळलं तरी हात वर. शेजारून ती ओरडली, "बाई, हात सोडा, डोका झाका!" तिने निर्जंतुक ट्रे सामानासकट उपडा केला आणि त्याच्या मनगटावर असा हाणला की स्टँड खाली पडला. मग मला खाटेखाली ओढलं. तिच्या बरगड्यांत लाथा बसल्या, पण ती माझ्यावरून हलली नाही.

त्याचं मनगट मोडलं. तक्रार आली, आणि काल तिला कोर्समधून काढायला बैठक बसली. एक साहेब म्हणाले, "नर्सने हात उचलायचा नसतो." मी म्हटलं, "बरोबर, मार खायचा असतो. मी रीतसर शिकलेय ते. हिला काढायचं तर मलाही काढा." तासभर घासाघीस झाली. माफी माग, मग राहा, असं ठरलं. ती म्हणाली, "मागतो की. भाव मेलाय त्याचा. पन परत बाईंना मारला तर परत हाणीन." साहेबांनी दुसरं वाक्य ऐकलं नाही असं दाखवलं.

आज सकाळी ती वर्गात आली. बरगड्यांना पट्टा, ग्लोव्हज घालून उभी. हात दुखून जरा खाली गेला. मी पाठमोरी होते, मला कळलंही नसतं. "बाई, हात खाली गेला माजा," तीच म्हणाली, आणि ग्लोव्हज उतरवून नवे घातले.

हे कागद उद्या वर्गातल्या खणात, तुमच्या फोर्सेपखाली ठेवेन. तो मी फेकलेला नाही, आणि फेकवणारही नाही. एकच सांगायचं राहिलं. तो स्टँड डोक्यावर येत होता ना, तेव्हा मला त्या माणसाची भीती वाटली नाही. तुमची वाटली.