डाव्या गालाचा फोटो

सिलीगुडी,
ता. ३ डिसेंबर २००६

ती. मोहिनीताईस, दत्तूचा वाकून नमस्कार.

फसवलं, फसवलं म्हणून अजून किती पत्रं लिहिशील? मी काय तुझा डाग रबराने खोडला? दिवाळीत अंगणात उभी केली, मोबाईलचं बटण दाबलं, निघाला तसा फोटो मालेगावात कागदावर काढून आणला. मोबाईलच्या कॅमेऱ्याचा डोळा डाळीएवढा. सावलीत त्याला धड दिसत नाही. गाल, पदर, मागची भिंत सगळं सारवल्यासारखं एक करून टाकतो. त्यात तुझ्या गालावरचं भाजलेलं दिसलं नाही, तर माझा काय गुन्हा?

सटाण्याच्या पाहुण्यांनी पोहे तसेच ठेवले. मुलाच्या आत्याने फोटो तुझ्या तोंडाजवळ धरला आणि अजून काय काय लपवलंय म्हणून विचारलं. हे वाचून माझंबी डोकं फिरलं. दिवसभर कांद्याच्या गोण्या उतरवताना तिलाच शिव्या घालत होतो. पण म्हणून चंदरच्या स्टुडिओत जाऊ नको. त्याचा नवा डिजिटल कॅमेरा पापणीचे केस मोजतो म्हणतात. बघायला येणाऱ्याला आधीच एवढा हिशोब कशाला? मोतीराममामाकडे माझ्या फोटोच्या तीन कॉप्या हायेत. मालेगावच्या स्थळाला त्यातलीच जाऊ दे. एकदा घरात आले, तुझं बोलणं ऐकलं, की डागाकडे कोण बघतंय.

मी बरा आहे. मुकादमाशी जमत नाही, पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाईन बहुतेक. आई-बापूंना नमस्कार. राग आला तरी लिहीत जा.

तुझा,
दत्तू


देवळा,
ता. १४ डिसेंबर २००६

चि. दत्तूस, अनेक आशीर्वाद.

सहा महिन्यांत हा तुझा तिसरा मुकादम. तू सोडतोस तितक्या सहज मला स्थळं मिळाली असती, तर आतापर्यंत तू दोन वेळा मामा झाला असतास.

नकाराचं मला काही वाटत नाही. याआधीचे चौघे डाग बघून उठले, ती त्यांची मर्जी. हे मात्र आम्हाला लबाड म्हणून उठले, आणि बापू मान खाली घालून बसले. ज्या माणसाने उभ्या जन्मात गोणीत वर मोठा कांदा आणि खाली गोलटी भरली नाही, त्याने हे ऐकून घेतलं. त्या दिवसापासून ते पारावर गेलेले नाहीत.

म्हणून मी चंदरकडे गेलेच. त्याने डावा गाल उजेडाकडे करून बसवलं, आणि नंतर मायेनेच म्हणाला की कॉम्प्युटरवर एका मिनिटात गाल कोरा करून देतो. म्हणजे मोठा कॅमेरा तरी कुठे खरं बोलतो, आपण बोलू दिलं तरच. मी नको म्हटलं. त्यातली एक कॉपी सोबत आहे.

आता माझं काम. मामा म्हणतात, फोटो दत्तूने दिलेत, त्याने लिहिलं तरच फाडीन. पौष संपला की मालेगावची माणसं फोटो मागणार. तू मामांना लिही.

आणि दुसरं. आई तुझ्या मोबाईलला माकडाच्या हातचं कोलीत म्हणते, तेव्हा मी तिला गप्प करते. चुलीतलं जळतं लाकूड घेऊन तू आगगाडी खेळत होतास, सहा वर्षांचा होतास. आजवर पाहुण्यांनी विचारलं की मी चुलीवर पडले असं सांगत आले. आता मालेगावकरांनी विचारलं तर जे झालं तेच सांगणार आहे. तुझी हरकत असेल तर तसं लिही.

वेळेवर जेव. तिकडे थंडी फार असते म्हणे, जपून राहा.

तुझी,
मोहिनीताई


सिलीगुडी,
ता. २६ डिसेंबर २००६

ती. ताईस, दत्तूचा नमस्कार.

पत्र चार दिवस खिशातच होतं.

तुझा फोटो मोबाईलशेजारी ठेवून पाहिला. मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर तू लय झकास दिसतेस. पण जवळ आणून मोठी केली की नुसते चौकोन चौकोन, माणूस राहतच नाही. चंदरच्या फोटोत जितकं जवळ जावं तितकी तूच. बाहीला घातलेला टाका दिसला. कानाशेजारी एक पांढरा केस दिसला, तो मला माहीत नव्हता. मग डाग. तो मी इतका नीट कधी बघितलाच नव्हता. घरात असताना तुझ्या उजव्या बाजूलाच बसतो मी, हे इथं आल्यावर कळलं.

मोबाईलचा डोळा डाळीएवढा हे खरं, पण त्याच्या मागं मी होतो. उन्हात उभी होतीस, तुला सावलीत मी आणलं. तीनदा मान फिरवायला लावली, आठवतं का? पहिले दोन फोटो मी पुसून टाकले. त्यांत दिसत होतं. फसवायचं मनात नव्हतं. मला ते बघायचं नव्हतं.

मामांना आजच लिहिलं, तिन्ही फोटो फाडा म्हणून. मालेगावकरांनी विचारलं तर माझं नाव सांग. त्यांना मला बघायचं असेल तर मी माघात रजा टाकून येतो, समोर बसतो. बापूंना माझं हे पत्र वाचून दाखव. मला तोंडाने सांगता आलं नसतं.

या मुकादमाला मी सोडत नाही. रजा तोच देणार आहे.

माया असू दे.

तुझा,
दत्तू

ता. क. चंदरकडून याच फोटोच्या बारा कॉप्या काढून घे. दहा मामांना दे, एक आईच्या पेटीत ठेव, एक मला इकडे पाठव. गाल कोरा करू नको म्हणून त्याला बजावून सांग. पंधरा रुपयांना एक, अशा हिशोबाने मनीऑर्डर केली आहे, रुपये एकशे ऐंशी.