झाकणाचा गोल

एल्मिना,
मंगळवार, १२ मार्च २०२४

प्रिय एबो,

आशीर्वाद. तू, बायको, मुलं खुशाल असाल. इकडे आम्हीही धड आहोत. आज मंगळवार, समुद्राच्या सुट्टीचा दिवस. होड्या वाळूवर आहेत आणि किनारा कसा गप्प आहे. एकुआ मावशीचा गुडघा पुन्हा धरलाय, जीभ मात्र शाबूत आहे.

तुझा निरोप मिळाला. फोनवर बोलले असते तर मला रडू आलं असतं आणि तू "ताई, नंतर बोलू" म्हणाला असतास. म्हणून हा कागद.

तुझ्या 'कोबिना' फॉन्टला बक्षीस मिळालं, अभिनंदन. पापांचं नाव दिलंस, छान केलंस. तुझी मुलाखत मावशीला वाचून दाखवली. 'स्क्रीनवरची मोजूनमापून काढलेली अक्षरं थंड वाटतात. माझ्या वडिलांनी दुकानांसाठी रंगवलेल्या पाट्यांवर अक्षरांच्या गोलांत ऊब होती, तीच मी फोनवर आणली.' मावशी म्हणाली, "कुणाच्या पाट्या गं?" मी म्हटलं, "गप बस, चूल बघ."

आता बँकेचा मेसेजसुद्धा त्याच अक्षरात येतो. बघितला की मी फोन पालथा ठेवते.

ठळक अक्षरं करायची म्हणून तू आणखी पाट्यांचे फोटो मागतोस. 'कोपऱ्यात पापांची सही असेल त्याच पाट्या घे.' अरे शहाण्या, पापांची शेवटची नऊ वर्षं ती सही मी करत होते!

पापांचा हात थरथरायला लागला तेव्हा तू अक्राला शिकत होतास. पापा म्हणाले, "अराबा, रंगव तू, पण नाव माझं टाक. बाईच्या हातची पाटी कोण घेणार?" गिऱ्हाईक आलं की ते ब्रश घेऊन पुढे बसायचे आणि मी मागच्या अंगणात. गोल मला नुसत्या हाताने जमेना. तू ज्या डब्यातलं दूध पिऊन वाढलास, त्याचं झाकण ठेवून मी आखायचे. पण आखलेला गोल दुरून वरच्या अंगाला जड दिसायचा. म्हणून वरची रेघ ब्रशने जरा बारीक करायची, खालची जरा भरायची. तुझी ती ऊब म्हणजे एवढंच.

मी बोलले नाही, ही माझी चूक. पापा होते तोवर त्यांचा मान जाऊ नये म्हणून. ते गेल्यावर, तू विचारशील याची वाट बघत.

आणि 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणू नकोस. तू पाट्यांचे पहिले फोटो काढलेस त्या नाताळात जेवताना विचारलंस, "पापा, हा गोल साधता कसा?" पापा म्हणाले, "हात बसला की येतो." त्यांच्या हातातला पेला डगडगत होता. मी मक्याच्या केंकेचे गोळे वाढत होते आणि माझ्या नखांत निळा रंग होता. तू नखांकडे पाहिलंस, मग पेल्याकडे, आणि मान खाली घालून जेवत राहिलास. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले, पोराच्या लक्षात आलं नसेल. रेघेतला केसाएवढा फरक ज्याला दिसतो, त्याला बहिणीची नखं दिसत नाहीत?

फोटो पाठवते आहे, एकच. न्हाव्याच्या दुकानामागे पापांची तरुणपणची पाटी अजून आहे. अक्षरं उंच, टोकदार, त्यांच्यासारखीच तापट. सुंदर आहेत रे. गोल मात्र अंड्यासारखा. पापांचं नाव द्यायचं तर त्या अक्षरांना दे.

बाकीच्या पाट्यांचे फोटो हवे असतील तर स्वतः ये. गेल्या आठवड्यापासून मी शिडी घेऊन दुकानोदुकानी जाते आणि कोपऱ्यातलं नाव बदलते. न्हावी म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंस?" मी म्हटलं, "हो. पाटी आवडली होती ना?" तो पुढे आला आणि शिडी धरून उभा राहिला. तेवढंही तू केलं नाहीस.

झाकण चुलीवरच्या फळीवर आहे. ते तुला मिळणार नाही.

सही खाली कोपऱ्यात केली आहे, पाटीवर करतात तशी. नीट बघून घे.

अराबा एसिल्फी