रेडिएटरमधली झेंडूची फुलं

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

वैताग नुसता! सोसायटीची मीटिंग. मागे जुन्या गिरणीचं पॉवर हाउस आहे ना — लाइट गेलीच तर म्हणून बांधलेलं, २००३पासून बंद — त्यातलं डिझेल इंजिन म्हणे भंगारात काढायचं. गिरणीच्या नोकरीत, ते बंद होईपर्यंत, बाबांनी वीस वर्षं सांभाळलंय ते!

मी उठून म्हटलं, त्याला इतिहास आहे. सेक्रेटरी रामदासकाका हसले. "अहो मृणालिनीताई, लालबागला लाइट जाते कधी? इतिहासाला काहीतरी घडावं लागतं ना!" एकदा तरी उपयोगी पडल्याचा पुरावा आणा म्हणाले. पुढच्या रविवारपर्यंत.

बाबा धड जेवलेही नाहीत. आई असती तर समजावलं असतं, पण ती गणपतीपासून मालवणला.

१६ सप्टेंबर

ट्रंकेतली लॉगबुकं काढली. दर सोमवारी इंजिन दहा मिनिटं चालवायचं आणि लिहायचं — "चालवून पाहिलं. ठीक." वीस वर्षं हेच! हसू की रडू?

"सोमवार सोडून एकदाच चालवलं गो," बाबा म्हणाले. "चौऱ्याऐंशीला. खंडेनवमीला."

मग लिहिलं का नाही?

"त्या दिवशी मशीनला सुट्टी. पूजा करायची, चालवायचं नाही. चालवलं म्हणून लिहू कसं?"

कपाळ माझं!

१९ सप्टेंबर

सापडलं!!! नवमीचं पान कोरं. पण दसऱ्याच्या पानावर बाबांचंच अक्षर — "रेडिएटरच्या जाळीत अडकलेली झेंडूची फुलं काढली. बाकी ठीक."

म्हणजे पूजेचा हार अंगावर असतानाच इंजिन चालू केलं! पंख्याने हारच ओढून घेतला! मी घरभर नाचले. बाबा चक्क लाजले.

२१ सप्टेंबर

जिंकलो! रामदासकाकांनी पान तीनदा वाचलं. "दत्तारामभाऊ, सणाच्या दिवशी लाइट गेली आणि तुम्ही धावलात!" बाबा चष्मा पुसत बसले. इंजिन राहणार. वर पाटी लागणार, मजकूर माझा — "संकटात एकदा धावून आलं."

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

इंजिनाची पूजा झाली. आई कालच आली. पाटी वाचून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "लाइट? लाइट खंय गेली होती गो? नवी नवरी मी. डबा घेऊन गेले नि म्हटलं, नुसती पूजाच करता की चालतं पण?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा हार सारखा करत म्हणाले, "हिला नाही म्हणून बघ एकदा. संकटच ते!"