पाहुण्यांसाठी तापवलेलं इंजिन

छ. संभाजीनगर,
रविवार, दुपार

ती. कचरूमामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. गंगाखेडला ऊन कसं आहे, गुडघ्याचं काय म्हणणं आहे आणि कानाचं मशीन तुम्ही वापरता की ते अजून साखरेच्या डब्याशेजारीच असतं, हे सविस्तर कळवा. (मामी म्हणाल्या, मशीन घातलं की घरातलं सगळं ऐकू येतं म्हणून तुम्ही ते काढून ठेवता. यावर मी मत देत नाही.) फोनवर तुम्हाला एवढं सगळं सांगायचं तर गल्लीलाच सांगितल्यासारखं होईल, म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय ज्यानं चाळीस वर्षं डिझेल इंजिनं उघडली, त्यालाच हे सांगण्यात अर्थ आहे.

बातमी अशी, की आम्ही ट्रक घेतोय. साधा नव्हे, ट्रेलर ओढणारा, ज्याला ट्रान्सपोर्टवाले घोडा म्हणतात तो. दहा चाकं आहेत, मी मोजली. जुना आहे, सात लाख किलोमीटर पळालेला. हे लिहिताना मी पेन दोनदा खाली ठेवलं. ते आनंदानं की भीतीनं, असं मी स्वतःला दोन्ही वेळा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आनंद असंच आलं, म्हणून मला संशय आला आणि मी पाणी पिऊन आले.

तुमचे जावई बावीस वर्षं वाळूजहून दुसऱ्यांचे ट्रेलर चालवतात, हे तुम्हाला माहीतच आहे. माणूस सरळ, हात चांगला, पण गाडी पारखायला पाठवण्याच्या लायकीचा नाही. यांना आजवर एकही गाडी वाईट दिसलेली नाही. नवऱ्या मुलीला पाहायला गेलेला भोळा पाहुणा जसा पोह्यांवरच होकार देऊन येतो, तसे हे हॉर्न ऐकूनच होकार देतात. माझं मात्र तसं नाही. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये वीस वर्षं मी पोरांची रीडिंग तपासते आहे, आणि रोजची डायरीही लिहिते. तेव्हा घरात ठरलं, की इंजिन मी तपासायचं, यांनी फक्त सोबत यायचं आणि तोंड बंद ठेवायचं. कर्जाला जामीन माझा पगार आहे. इंजिन बसलं तर ते उघडून पुन्हा बांधायला पैसा उरणार नाही आणि हे पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जातील, तेही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर मी तुमचं दिवाळीतलं वाक्य लिहून घेतलं, "गरम इंजिन सगळ्यांशी गोड बोलतं, थंड असताना गाठ."

आता माझी पहिली चूक. मालक आप्पासाहेब वाळूजचे जुने ट्रान्सपोर्टर, वडिलांच्या वयाचे. त्यांच्याकडे न कळवता कसं जायचं? मी आदल्या दिवशी फोन करून वेळ कळवली, सकाळी दहा. गेलो तर मुक्ताबाईंनी (आप्पासाहेबांच्या मंडळी) उपमा केलेला, सतरंजी घातलेली, आणि यार्डात ट्रक धडधडत उभा. मी इंजिनाजवळ हात नेला आणि लगेच मागं घेतला, चुलीवरून उतरलेल्या तव्यासारखं तापलेलं. मी वहीत "संशयास्पद" असं लिहायला घेतलं, तेवढ्यात आप्पासाहेबच अभिमानानं म्हणाले, की आठ वाजल्यापासून चालू ठेवलंय. मी म्हटलं, मला थंड बघायचं होतं. त्यांचा चेहरा खरोखर पडला. म्हणाले, "थंडगार इंजिन पाहुण्यापुढं ठेवायचं व्हय ताई? उद्या म्हणाल शिळी भाकर वाढली." मामा, यात लबाडी होती का? मी परत येताना पूर्ण रस्ताभर विचार केला आणि नव्हती असंच ठरवलं. "संशयास्पद" खोडून "आदरातिथ्य" लिहिलं.

दुसऱ्या वेळी मी आधीच बजावलं, की बुधवारी सकाळी सातला येते, गाडीला कुणी हात लावू नका, मला इंजिन गारच हवंय. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. पोचलो तर केबिन इंजिनावरून पुढं कलती केलेली, इंजिनावर भिजवलेली पोती, आणि समोर स्टुलावर टेबलफॅन. यार्डाचा वॉचमन सांडू पोती पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून आणत होता. (तुम्ही डोक्याला हात लावला असेल. मीही लावला. मात्र थेट पाणी ओतलं नव्हतं, हे मी खात्री करून घेतलं.) वरून सगळं गार, पण खाली ऑइलच्या टाकीला हात लावला तर ती कोमट. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल सकाळी सातला कोमट कसं? सांडूला विचारलं तर तो यांच्याकडं बघायला लागला आणि हे आभाळाकडं. मला वाटलं, दोघांनाही प्रश्न कळला नाही. कॉलेजात पोरांचं कॉपी करणं मला पाच बाकांवरून दिसतं, पण इथं दिसलं नाही. त्याबद्दल नंतर डायरीत दीड पान लिहिलं.

मग मी ठरवलं, की आता न सांगता जायचं. अशा आगंतुकपणाबद्दल आदल्या दिवशी मनोमन आप्पासाहेबांची माफी मागितली आणि शुक्रवारी पहाटे पावणेसहाला स्कूटर काढली. हे घरात नव्हते. सोमवारपासून ते पहाटे फिरायला जात होते, डॉक्टरांनी साखरेचं सांगितल्यापासून. मला त्याचं कौतुकही वाटत होतं. शिफ्टच्या बसेस चुकवत वाळूजला पोचले, तर फाटकावर सांडू म्हणाला, "आज तुम्हीबी आल्या व्हय मॅडम? साहेब तर रोजच येतेत. गाडी गरम करतेत अन् जातेत. बुधवारी मलाच लई पळावं लागलं, गार करायला."

केबिनमध्ये तुमचे जावई बसले होते. इंजिन चालू. स्टिअरिंगवर दोन्ही हात, आणि चेहरा असा की जणू बेंगलोरचा माल भरून निघालेत. मला पाहिलं आणि त्यांनी इंजिन बंद केलं. मी भांडायचं ठरवून शिडीवर एक पाय ठेवला होता. पण ते खाली न बघता म्हणाले, "थंड असली की ती दोन मिनिटं खोकते, तनुजा. दोनच मिनिटं. पण तू ते वहीत लिहिलं असतंस. आणि वहीत लिहिलेलं तू कधी खोडत नाहीस."

मामा, मी खोडते. वर "आदरातिथ्य"चं तुम्हाला सांगितलंच. पण एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्याची जबाबदारी कुणाची हे मी अजून ठरवू शकलेले नाही. आम्ही दोघं फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा प्यायलो. मी गाडीची चावी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली. आप्पासाहेबांनाही सांगितलं, की रविवारपर्यंत गाडीला कुणीही तापवायचं नाही, गार करायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही. त्यांनी तक्रार केली, की जालन्याचं एक गिऱ्हाईक चावीसुद्धा न मागता घ्यायला तयार आहे. पण थांबले.

तर आज सकाळी ती खरी गाठ पडली. दोन दिवस उभं असलेलं, दगडासारखं थंड इंजिन. यांनी चावी फिरवली. पहिल्यांदा नुसतं कण्हलं. दुसऱ्यांदा यांनीच चावी सोडून दिली, घाबरून. तिसऱ्यांदा सुरू झालं, आणि मामा, काय सांगू! जमीन हलली. माझ्या चपलांमधून ते वर गुडघ्यापर्यंत आलं. पाठीमागून पांढरा धूर निघाला, गाडी खोकली, अगदी तुमच्यासारखी, तुम्ही बिडी सोडण्याआधी खोकायचात तशी. मी घड्याळ धरून उभी. दोन मिनिटं नव्हे, दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग धूर विरला आणि आवाज असा एकसारखा लागला, की मी वही काखेत धरून हसत होते म्हणे. (ही सांडूची साक्ष आहे. मला आठवत नाही.)

पुढची तपासणी मी तुमच्या पद्धतीनं केली. निळा धूर नाही. रेडिएटरच्या पाण्यात ऑइलचा तवंग नाही. चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण काढून वर लॅबमधला फिल्टर पेपर धरला. आता खरं सांगायची वेळ आली. तिथून वाफ येत होती आणि कागदावर ऑइलचे ठिपके पडले. मी वहीत लिहिलं, "ठिपके, किंचित." किंचित! वीस वर्षांत ज्या पोरानं रीडिंगच्या जागी किंचित लिहिलं, त्याचे मी मार्क कापले. कागद समोर होता, ठिपके मोजता आले असते, आणि मी मोजले नाहीत, कारण हे केबिनच्या पायरीवर उभे राहून माझ्या पेनाकडं बघत होते. तेव्हा मामा, यांनी पाच दिवस रोज पहाटे जे केलं, ते मी एका शब्दात करून मोकळी झाले. आता या घरात निष्पक्ष असं कुणी उरलं नाही.

म्हणून विचारते. एवढ्या वयाच्या इंजिनाला झाकणापाशी किती वाफ चालते? ठिपके दिसणं म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, की अजून दोन-तीन वर्षं ओढेल? तुमचं उत्तर आल्याशिवाय मी सही करणार नाही, हे यांना स्पष्ट सांगितलं आहे. त्यांनी मान्य केलं आहे. फिल्टर पेपर सोबत जोडते आहे.

मामींना नमस्कार. बिडी पुन्हा सुरू केली असेल तर सोडा.

तुमची भाची,
तनुजा

ता. क. (बुधवार) : पत्र पर्समध्येच राहिलं. सोमवारी जालन्याचं गिऱ्हाईक यार्डात आलेलं पाहिलं आणि मी सही केली. यांनी एका शब्दानंही आग्रह केला नाही, याची नोंद व्हावी. पेन माझंच होतं.

ता. क. २ : फिल्टर पेपर जोडलेला नाही. तो मी फाडला. सतरा ठिपके होते.

ता. क. ३ : खरं काम हे, की येत्या रविवारी गाडीची पूजा आहे, तुम्ही दोघं या, आणि तुमचा तो लांब पेचकस धोतरात लपवून आणा. मी यांना नारळ आणायला पाठवीन, तेवढ्यात त्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून आतलं ऐकून घ्या. हे परत आल्यावर विचारतीलच, तेव्हा "झकास" एवढंच म्हणा. खरं काय ते जेवणं झाल्यावर मला एकटीला सांगा. आणि ते फारच वाईट असेल, तर मामींना सांगा, मला नको.